दोन वाद्ये, एकच ओठ : ट्रंपेट आणि फ्लूगलहॉर्नसाठी माऊथपीस घडवून घेण्याचे एक प्रकरण

हे प्रकरण मुंबईत ध्वनिमुद्रणे आणि रंगमंचावरचे कार्यक्रम करणाऱ्या एका तिशीतल्या ट्रंपेटवादकाचे आहे. त्याचे घर पुण्यातल्या ब्रास बँडचे. आजोबांपासून वराती आणि गणपतीच्या मिरवणुका वाजवत आलेल्या या घरात त्याच्या हाती लहानपणी जो माऊथपीस, म्हणजे वाद्याचा ओठांना लावायचा सुटा भाग, आला, तो मेरठच्या जाली कोठी या वाद्ये बनवणाऱ्या वस्तीत बाख कंपनीच्या ७सी या मापाच्या अंदाजाने बनवलेला होता, आणि मुंबईत येऊन चांगला ट्रंपेट घेतल्यानंतरही त्याने बरीच वर्षे तोच ओठाला लावला. मुंबईच्या स्टुडिओंत ट्रंपेटचे काम जुने आहे. गोव्याच्या चर्चशाळांत स्वरलेखन शिकून आलेल्या चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड, ख्रिस पेरी अशा वादकांनी ते उभे केले. या वादकाच्या वाट्याला मात्र ट्रंपेटच्या जोडीला फ्लूगलहॉर्न, म्हणजे ट्रंपेटच्याच घराण्यातले पण मऊ, गोलसर आवाजाचे वाद्यही आले. मुखड्याआधीचा संथ तुकडा फ्लूगलवर आणि अंतऱ्यामागचे ठोस ब्रास ट्रंपेटवर, अशी मागणी संगीत संयोजक सर्रास करतात, आणि मधे वाद्य बदलायला मिळतात ते जेमतेम चार-सहा बार.

त्याच्या तक्रारी तीन होत्या. वातानुकूलित स्टुडिओत फ्लूगल पट्टीच्या खाली राहत असे, लीडपाइप, म्हणजे माऊथपीस जिच्यात बसतो ती सरकती नळी, पूर्ण आत ढकलला तरीही. फ्लूगल ठेवून ट्रंपेट उचलला की पहिला वरचा सूर हमखास फुटत असे. आणि दिवसभराच्या कामानंतर वरच्या ओठावर लाल, खाज सुटणारा पट्टा उमटत असे. या तिन्हींवर त्याने स्वतःच उपाय ठरवला होता. एका नामांकित परदेशी वादकाच्या मापाचा मोठा माऊथपीस ट्रंपेटसाठी घडवून घ्यायचा आणि त्याच क्रमांकाचा दुसरा फ्लूगलसाठी. त्यासाठी पैसेही बाजूला काढून ठेवले होते. मागणी नोंदवण्यापूर्वी त्याने माझे मत विचारले, आणि मी त्याला थांबायला सांगितले.

थांबायला सांगण्याचे कारण असे की माऊथपीसच्या दोन टोकांची कामे निराळी असतात. ओठ जिथे टेकतात ती रिम वादकाशी जमावी लागते. वाद्यात जाते ती शँक वाद्याशी जमावी लागते. आणि त्या दोहोंच्या मधला कप, त्याच्या तळाचे अरुंद छिद्र म्हणजे थ्रोट आणि शँकच्या आतून रुंदावत जाणारा बॅकबोअर मिळून आवाजाचा रंग, हवेला होणारा अडसर आणि सुरांची आपापसातली जुळणी ठरवतात. तीन तक्रारींची मुळे तीन ठिकाणी असण्याचा संभव होता, आणि तसे असेल तर एका मोठ्या मापाने तिन्ही मिटणार नव्हत्या. उलट चौथी उभी राहण्याची भीती होती.

क्रमांक काय सांगतात

ऑस्ट्रियातून अमेरिकेत गेलेल्या व्हिन्सेंट बाख यांनी १९१८ मध्ये न्यूयॉर्कला माऊथपीस बनवायला सुरुवात केली, आणि आजही बहुतेक वादक मापांविषयी बोलतात ते त्यांच्याच क्रमांकांत. या पद्धतीत आकडा जितका लहान तितका व्यास मोठा, आणि अक्षर एपासून पुढे सरकत जावे तसा कप उथळ होत जातो. शिल्के आणि यामाहा या कंपन्यांची पद्धत नेमकी उलट आहे. तिथे आकडा वाढला की व्यास वाढतो आणि ए हे अक्षर उथळ कपाचे असते. त्यामुळे बाखच्या ७सीच्या जवळ यामाहाचा ११सी४ येतो, आणि ज्याला ही उलटापालट माहीत नाही तो दुकानातून नको तेच घेऊन घरी येतो.

बाखच्या कॅटलॉगप्रमाणे ७सीचा आतला व्यास १६.२० मिलिमीटर, ५सीचा १६.२५ आणि ३सीचा १६.३० आहे. ७सी आणि ३सी यांच्यात मिलिमीटरच्या दहाव्या भागाचा फरक आहे. तरीही ३सी प्रथमच लावणारा वादक तो फारच मोठा वाटतो असे सांगतो, आणि त्याचे सांगणे खोटे नसते. त्याला जाणवतो तो नुसता व्यास नव्हे. रिमचा सर्वांत उंच भाग आतल्या बाजूला आहे की मध्यावर, आतली कड धारदार आहे की गोलसर, रिमची पट्टी रुंद आहे की अरुंद, या सर्वांचा मिळून ओठाला जो अनुभव येतो त्यालाच तो मोठा किंवा लहान म्हणतो. शिवाय आतला व्यास कडेपासून किती खोलीवर मोजायचा, याविषयी कारखानदारांमध्ये एकवाक्यता नाही. म्हणून एका कारखान्याचे माप दुसऱ्या कारखान्याला आकड्यात कळवणे धोक्याचे असते. कळवायचेच तर नमुना पाठवावा.

या वादकाला हवा होता तो माऊथपीस बाख १सीच्या आसपासचा, म्हणजे कॅटलॉगच्या हिशोबाने १७ मिलिमीटरचा होता. सिंफनी वाद्यवृंदात बसून रुंद, भरदार आवाज काढणाऱ्यांना असे माप मानवते. मायक्रोफोनसमोर तासन् तास वरच्या सप्तकात धारदार काम करणाऱ्याने त्यावर एकदम उडी घेणे म्हणजे ओठांच्या स्नायूंवर नवा भार टाकणे होय. दुसऱ्या वादकाचे माप त्याच्या दातांच्या ठेवणीला, त्याच्या ओठांच्या जाडीला आणि त्याच्या कामाला बेतलेले असते. ते थोर वादकाचे आहे एवढ्याने ते आपले होत नाही, हे त्याला पटायला थोडा वेळ लागला.

फ्लूगलचा सूर आणि भोसरीतला लेथ

फ्लूगल हा कुएनॉन या जुन्या फ्रेंच कंपनीचा होता, कोणाकडून तरी वापरलेला विकत घेतलेला, आणि आवाजाला अतिशय गोड. त्यात वादक जो माऊथपीस लावत होता तो नवा, नामवंत कंपनीचा, पण मोर्स टेपरच्या शँकचा होता. मोर्स टेपर म्हणजे साधारण वीसास एक असा उतार, म्हणजे २० मिलिमीटर लांबीत व्यास एका मिलिमीटरने कमी होतो. जुन्या कुएनॉनचा रिसीव्हर, म्हणजे शँक ज्यात बसते ते वाद्याचे तोंड, मात्र जवळजवळ सरळ नळीसारखा असतो. फ्लूगलच्या शँकचे असे निरनिराळे प्रकार बाजारात आहेत, ते डोळ्यांना चटकन ओळखू येत नाहीत, आणि माऊथपीस अडकून बसला म्हणजे बसला असे समजून वादक वर्षानुवर्षे वाजवत राहतात.

परीक्षा सोपी होती. शँकवर सगळीकडून मार्कर पेनची शाई फासली, ती वाळू दिली, माऊथपीस रिसीव्हरमध्ये हलक्या हाताने बसवून थोडा फिरवला आणि बाहेर काढला. शँक नीट बसत असती तर शाई लांबवर सारखी घासली गेली असती. इथे ती फक्त एका बारीक कड्यापुरती गेली होती, जिथे रिसीव्हरच्या तोंडाची कड शँकला लागत होती तिथे. तिथून टोकापर्यंतची सगळी शाई जशीच्या तशी होती. शँकचे टोक रिसीव्हरच्या आत कशालाही न टेकता लोंबत होते, त्याच्याभोवती पोकळी राहत होती, आणि बोटाने दाबले तर माऊथपीस किंचित डुलतही होता. जुन्या खुणेवरून पाहता तो असायला हवा त्यापेक्षा सुमारे ९ मिलिमीटर बाहेर राहत होता.

या ९ मिलिमीटरचा हिशोब महत्त्वाचा आहे. बी फ्लॅट फ्लूगलच्या नळीची लांबी ढोबळमानाने १.४ मीटर धरली, तर एक मिलिमीटर वाढीने सूर सुमारे सव्वा सेंट उतरतो. सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग. नऊ मिलिमीटरचे अकरा सेंट झाले. फ्लूगलला ट्रंपेटसारखी ट्यूनिंग स्लाइड नसते, त्याचा लीडपाइपच आतबाहेर सरकतो, आणि तो पूर्ण आत गेल्यावर पुढे वाव उरत नाही. उघड्या लॉनवरच्या कार्यक्रमात उकाड्यामुळे वाद्य आपोआप थोडे चढते, त्यामुळे ही उणीव झाकली जात होती. स्टुडिओच्या गारव्यात ती उघडी पडत होती. वादक इतके दिवस ओठ आवळून सूर वर ढकलत होता. त्याला लवकर येणारा थकवा काही अंशी यातूनच येत होता, असे माझे मत आहे.

नवा माऊथपीस मागवण्याआधी आहे त्याचीच शँक बदलून पाहायचे ठरले. भोसरीतल्या एका लहान वर्कशॉपमधल्या टर्नरने काम घेतले. त्याने मोर्सचे नाव ऐकताच लेथची कंपाउंड स्लाइड, म्हणजे हत्यार तिरपे सरकवणारा भाग, १.४३ अंशांवर लावायची तयारी केली, कारण वीसास एक उताराला तोच कोन लागतो. पण इथे नेमका तो उतारच काढून टाकायचा होता. मग रिसीव्हरचा व्यास तोंडाशी आणि २० मिलिमीटर आत असा दोन ठिकाणी घेतला, त्याप्रमाणे आधी पितळेचा एक साधा प्लग कातून तो फ्लूगलमध्ये बसवून पाहिला, आणि तो डुलत नाही याची खात्री झाल्यावरच माऊथपीसला हात लावला. शँकच्या टोकाला बॅकबोअर रुंद असल्यामुळे तिथली भिंत किती पातळ उरेल हे आधी मोजावे लागते. भिंत फारच पातळ होणार असेल तर हा खटाटोप करू नये. आतून बारीक मँड्रेल, म्हणजे धरायची सळई, घालून माऊथपीस धरला होता, म्हणजे शँक कपाशी एकरेषेत राहिली. टर्नरने धातू फार हळू काढला, दर वेळी अगदी केसभर, आणि दर वेळी शाई लावून पाहिली. उताराच्या शँकमध्ये व्यास ०.०५ मिलिमीटर कमी केला की माऊथपीस एक मिलिमीटर आत जातो; सरळ शँकला एवढी सवलत नसते, ती बसते किंवा सैल होते.

काही शे रुपयांत आणि एका दुपारात फ्लूगल पट्टीत आला. स्टुडिओत लीडपाइप थोडा बाहेर ठेवूनही ४४० हर्ट्झची प्रमाण पट्टी मिळू लागली, म्हणजे दोन्ही बाजूंना वाव राहिला. पहिली तक्रार इथेच संपली. ट्रंपेटच्या बाजूने शँकचे टोक आणि लीडपाइपची सुरुवात यांच्यातले अंतरही मोजले. ते तीन मिलिमीटरच्या जवळपास, प्रचलित मर्यादेत होते, म्हणून तिथे काही केले नाही.

रिम : ओठाला ठाऊक असलेला आकार

ओठावरच्या लाल पट्ट्याचा उलगडा लवकर झाला. मेरठच्या जुन्या माऊथपीसवरचा चांदीचा मुलामा वरच्या ओठाच्या बाजूला झिजून पितळ उघडे पडले होते. मुंबईची दमट हवा, घाम आणि थुंकी यांच्या संगतीत उघडे पितळ त्वचेला त्रास देते, आणि हा त्रास पुष्कळ वादक सरावाचा परिणाम समजून सोसत राहतात. काही दिवस त्याने चांगल्या मुलाम्याचा साधा, तयार ७सी वापरला आणि पट्टा उमटणे बंद झाले. याच काळात त्याने त्वचारोगतज्ज्ञालाही दाखवले, ते योग्यच झाले, कारण काहींना निकेलची किंवा चांदीचीही बाधा होते आणि ती अंदाजाने ठरवू नये.

पण तयार ७सीवर त्याला बरे वाटेना. ओठ निर्धोक झाले, मात्र रिम परकी वाटत होती. दोन्ही माऊथपीस शेजारी ठेवून पाहिले तेव्हा जुन्याची आतली कड बरीच गोल आणि उंच भाग थोडा आतल्या बाजूला सरकलेला आढळला. तो मुळातच तसा बनला होता की वापराने झिजून तसा झाला, हे महत्त्वाचे नव्हते. या माणसाचे ओठ बालपणापासून त्याच आकारावर वाढले होते. घडवून घ्यायचे ते त्याचेच अचूक प्रतिरूप, नव्या धातूत आणि सोन्याच्या मुलाम्यात, असा निर्णय झाला, आणि १७ मिलिमीटरचा विचार मागे पडला. मला विचाराल तर या प्रकरणातला हा सर्वांत मोलाचा निर्णय होता.

नमुना म्हणून जुना माऊथपीसच परदेशातल्या एका कारागिराकडे कुरिअरने पाठवला. मागणी अशी होती की एक सुटी, आट्यांची रिम असावी, आणि तिच्याखाली बसणारे दोन भाग असावेत, एक ट्रंपेटसाठी आणि एक फ्लूगलसाठी. ट्रंपेटच्या भागाचा कप जुन्यापेक्षा किंचित उथळ आणि थ्रोट बाखच्या नेहमीच्या २७ क्रमांकाच्या ड्रिलचा, म्हणजे ३.६६ मिलिमीटरचा सांगितला. फ्लूगलच्या शँकसाठी भोसरीत कातलेल्या पितळी प्लगची मापे कळवली.

ट्रंपेटचा भाग पहिल्या दिवसापासून जमला. फ्लूगलवर मात्र एक गोष्ट समोर आली, जी कागदावर दिसत नाही. रिम तीच, अक्षरशः तोच धातूचा तुकडा, तरी फ्लूगलवर ती मोठी भासत होती. याचे कारण आतल्या कडेच्या लगेच खाली कपाची भिंत कोणत्या कोनात उतरते यात आहे. ट्रंपेटच्या उथळ कपात भिंत लवकर आत वळते, ओठाला खालून थोडा आधार मिळतो. या फ्लूगलच्या खोल, फनेलसारख्या कपात भिंत बरीच उभी उतरत होती, त्यात हवेला अडसरही कमी, त्यामुळे ओठ आत जास्त घुसत. तसे घुसलेले ओठ घेऊन तो ट्रंपेटकडे वळला की पहिला सूर फुटणारच. म्हणजे दुसरी तक्रार रिम एकसारखी करून अर्धीच मिटली. मोजमापाने सारखे असणे आणि ओठाला सारखे वाटणे या निराळ्या गोष्टी आहेत. वादकाला दुसरी हवी असते.

म्हणून फ्लूगलसाठी स्वतंत्र, एकसंध माऊथपीस मागवला. त्यात रिमची रुंदी, उंच भाग आणि कडेची गोलाई तीच ठेवली, आतला व्यास ०.१५ मिलिमीटरने कमी केला, आणि कडेखालची भिंत थोडी आत कललेली मागितली. आट्यांची सुटी रिम वाया गेली असे नाही. तिच्याशिवाय हा फरक नेमका कुठून येतो हे कळले नसते, कारण दोन निराळ्या रिमा असत्या तर दोष रिमवरच गेला असता.

फ्लूगलच्या थ्रोटबाबतही पुनर्विचार झाला. क्लार्क टेरी आणि आर्ट फार्मर या जॅझ फ्लूगलवादकांचा आवाज कानात ठेवून त्याने पहिल्या वेळी थ्रोट ४.३ मिलिमीटरचा मागितला होता. खोलीत तो आवाज फार सुंदर लागे, पण जवळ ठेवलेल्या मायक्रोफोनवर त्याच्या कडा विरघळून जात, लांब सुरांना दम पुरेना आणि वरचे सूर उतरत. दुसऱ्या वेळी तो चार मिलिमीटरवर आणला. थ्रोट रीमर या हत्याराने मोठा करता येतो, लहान करता येत नाही. त्यामुळे शंका असेल तिथे अरुंदपासून सुरुवात करावी.

चाचणी कशी घेतली

नव्याचे नऊ दिवस माऊथपीसच्या बाबतीत फारच खरे असतात. नवा तुकडा लावला की पहिल्या दिवशी सगळे सूर मोकळे वाटतात, कारण ओठ नव्या जागी ताजे असतात आणि मनही उत्सुक असते. त्यामुळे पहिल्या दिवसाचा कोणताही निर्णय ग्राह्य धरायचा नाही असे आधीच ठरवले होते. खरी परीक्षा दिवसभराचे काम संपल्यावर, ओठ दमलेले असताना घेतली. ट्यूनर वादकासमोर ठेवला नाही, कारण काटा दिसला की ओठ नकळत त्याच्या मागे जातात; तो त्याच्या पाठीमागे बसलेल्या सहकाऱ्याने पाहिला आणि प्रत्येक सुराची नोंद केली. तोच संथ तुकडा जुन्या आणि नव्या माऊथपीसवर मुद्रित करून, कोणता कशावर वाजला हे न सांगता, संयोजकाला ऐकवला. फ्लूगलच्या बाबतीत संयोजकाने नवा निवडला. ट्रंपेटच्या बाबतीत त्याला फरक सांगता आला नाही, आणि हे मी यशच मानतो, कारण तिथे आवाज बदलायचा नव्हता, ओठ वाचवायचे होते. शेवटी वाद्यबदलाची चाचणी घेतली. फ्लूगलवर लांब सूर, लगेच ट्रंपेट उचलून पट्टीतला वरचा सूर, मधे उसंत न घेता. तो आता बहुतेक वेळा साफ लागतो. फार थकल्यावर अजूनही कधी फुटतो.

जे बदलले नाही तेही नोंदवायला हवे. त्याची वरची मर्यादा जिथे होती तिथेच आहे. ती सरावाने वाढेल, माऊथपीसने नाही, आणि तसे आश्वासन त्याला कोणी दिलेही नव्हते. गावाकडच्या मिरवणुकीत मोठ्या आवाजाने बराच वेळ वाजवायचे असले की तो अजूनही थोडा खोल कपाचा माऊथपीस पसंत करतो. त्यासाठी जुन्या मेरठच्या माऊथपीसवर पुन्हा चांदीचा मुलामा चढवून घेतला आहे. खर्चाचे म्हणाल तर दोन्ही घडीव माऊथपीस, कुरिअर आणि सीमाशुल्क धरून तो चांगलाच झाला. तरीही मूळ बेताप्रमाणे मोठे माप मागवून ते न जमल्यावर दुसरे, मग तिसरे मागवत बसला असता, तर याहून अधिक झाला असता, असे मला वाटते.

आता त्याच्याकडे दोन्ही माऊथपीसची मापे एका कागदावर आहेत: रिमचा नमुना कोणाकडे आहे, व्यास कोणत्या खोलीवर मोजला, थ्रोट, बॅकबोअर आणि रिसीव्हरची दोन ठिकाणची मापे. तो कुएनॉन विकून नवा फ्लूगल घेण्याच्या विचारात आहे. तसे झाले तर रिम आणि कप यांना हात लावावा लागणार नाही. नवा रिसीव्हर शाई लावून तपासायचा आणि तेवढी शँक बदलून घ्यायची.